पळून की पळवून

स्टुडिओत त्यांना सगळे सासूबाई म्हणत. परभाषेतल्या मालिकांमधल्या छळवादी सासवांना त्यांनी इतकी वर्षं आवाज दिला होता, की जिन्यात त्यांचा खोकला ऐकू आला तरी खालची माणसं खुर्चीत सावरून बसत. नवरा गेल्यावर एकुलत्या एका मुलीला त्यांनी याच आवाजावर वाढवलं. दिवसभर शिव्याशाप द्यायचे, वाईट हसायचं, आणि घरी येऊन घसा शेकत मुलीचा अभ्यास घ्यायचा. मुलगी शाळा सुटली की स्टुडिओतच येऊन बसे. तिथंच मोठी झाली आणि तिथल्याच रेकॉर्डिस्टशी लग्न करून मोकळी झाली. आईला कळलं ते फोनवर.

तेव्हापासून ही जगाची सासू स्वतःच्या जावयाशी कामापुरतंच बोले. त्यानं एकदाच 'आई' म्हणून हाक मारली होती. "इथं तुमची कुणी आई नाही, मॅडम म्हणा," एवढं ऐकून तो जो गप्प झाला तो झाला.

आणि आता मुलीनं कादंबरी लिहिली. ग्रीक पुराणातली गोष्ट. धान्यदेवीच्या लेकीला पाताळाचा राजा उचलून नेतो, डाळिंबाचे दाणे खायला घालून तिथंच अडकवतो आणि आई संतापून पृथ्वीवरचं पीक थांबवते. मुलीनं त्याची प्रेमकथा केली होती. राजा हळवा आणि मितभाषी, लेक हुशार, आई म्हणजे नुसता जाच. पुस्तक ध्वनिमुद्रित करायचं ठरलं तेव्हा प्रकाशकाला सासूबाईंचाच कजाग आवाज हवा होता. सगळ्यांना वाटलं, बाई नाही म्हणणार.

"का नाही म्हणू?" सासूबाई म्हणाल्या. "माझ्याबद्दल काय लिहिलंय ते दुसरीच्या तोंडून कशाला ऐकू?"

तळघरातली बंद खोली, भिंतींना करडा स्पंज, टेबलावर कोमट पाणी. काचेपलीकडे जावई आणि त्याच्या शेजारी, लेखिका म्हणून, मुलगी. सुरुवातीची पानं सुरळीत गेली. मग ते वाक्य आलं. 'आईनं सगळं शेत पालथं घातलं, पण लेक तिथं नव्हती. ती पळून गेली होती.'

सासूबाईंनी वाचलं, "तिला पळवून नेलं होतं."

हेडफोनमध्ये जावयाचा आवाज आला. "मॅडम, 'ती पळून गेली होती'. पुन्हा घेऊ."

"तिला पळवून नेलं होतं."

"'पळून', मॅडम."

"चष्म्याचा नंबर बदललाय बहुतेक." आणि पुन्हा तेच.

आता मुलीनं आत बोलायचं बटण दाबलं. "आई, तू मुद्दाम करतेयस."

"लेखिकाबाई, मूळ गोष्टीत पळवूनच नेलीय. वाचून आलेय मी. जमीन दुभंगते, रथ येतो, पोरगी किंचाळते. तुम्ही ती किंकाळीच गिळून टाकलीत."

"ही माझी गोष्ट आहे."

"ते दिसतंच आहे. तुमचा पाताळाचा राजा बोलायच्या आधी मान वाकडी करतो. ती मान मी रोज या काचेतून बघते."

जावयानं मान सरळ केली.

"आणि त्या पोरीला अडकवायला निदान डाळिंबाचे दाणे तरी लागले. आमच्याकडे स्टुडिओतल्या मशीनच्या चहावर भागलं."

"प्रकाशकांना हे प्रकरण आज हवंय," मुलगी म्हणाली. "नाहीतर ते दुसरा आवाज घेतील. मी त्यांना थांबवणार नाही."

"घ्या की."

"एका शब्दासाठी?"

शब्द एकच होता. पण 'पळवून'मध्ये एक चोर होता. त्याच्याकडे बघून रोज दातओठ खाता येत होते. 'पळून' म्हटलं की चोर गायब. मग उरत होती ती फक्त जिला टाकून मुलगी गेली ती बाई.

जड दार ढकलून मुलगी आत आली. माइक चालूच होता.

"त्यानं मला कुठंही नेलं नाही," ती म्हणाली. "तो तर म्हणत होता, आधी आईंना सांगू. मीच नको म्हटलं."

"का?"

"तू घरीही त्याच आवाजात बोलायचीस. दिवसभर इथं ऐकलेली प्रत्येक दुष्ट बाई मला संध्याकाळी स्वयंपाकघरात भेटायची. कुठं होतीस, कुणाबरोबर होतीस. तोच सूर, मध्ये तसाच श्वास घ्यायचा. मला फक्त तिथून निघायचं होतं. त्याच्यासाठी नाही गेले मी. तुझ्यापासून गेले. तो नंतर."

सासूबाईंनी काचेकडे बघितलं. पलीकडे जावयाचा हात बटणावर तसाच राहिला होता.

"बाई गं," त्या म्हणाल्या, "तुझ्या राजानं ऐकलं सगळं."

मुलगी वळली. नवरा-बायकोनं काचेतून एकमेकांकडे बघितलं. मग ती बाहेर पडली, पण त्याच्या शेजारी बसायला गेली नाही, मागच्या भिंतीशी उभी राहिली.

सासूबाईंनी एक घोट पाणी घेतलं. हेडफोन सारखे केले. आणि कुठल्याच सासूच्या नसलेल्या, जरा फाटक्या आवाजात वाचलं, "ती पळून गेली होती."

पलीकडून जावयानं विचारलं, "पुन्हा घेऊ, मॅडम?"

"कशाला?" सासूबाई म्हणाल्या. "एकदा गेली तेवढं पुरे. पुढचं पान."