शहरातले नाग

सर्पमित्र म्हणवून घ्यायची मला फार हौस. अमरावतीत शाळेत विज्ञान शिकवायचो आणि कुणाच्या न्हाणीत, जिन्याखाली नाग निघाला की फोन मलाच. नाग पकडायचा, पिशवीत घालून मोटारसायकलवरून परतवाड्याच्या पुढे मेळघाटच्या पायथ्याशी न्यायचा आणि एका नाल्याकाठी सोडून द्यायचा.

जागा मी विचार करून निवडली होती. नाल्यात बेडूक मुबलक, डोहात मरळ, दगडावर एखादी घोरपड ऊन खात पडलेली. सापाला इथं खाण्यापिण्याची ददात नाही, असं मी व्याख्यानांत सांगायचो. त्याबद्दल शाल-श्रीफळही मिळालं. नाल्यापासून हाकेच्या अंतरावर आठ-दहा घरं होती, ती मात्र माझ्या व्याख्यानांत कधी आली नाहीत.

एकदा पिशवी उघडून नाग सोडला, तर त्या घरांतली एक बाई डोक्यावर गवताचा भारा घेऊन समोर उभी. घाबरली असेल म्हणून मी नेहमीची पोपटपंची सुरू केली. तिनं ती पूर्ण होऊ दिली. मग सांगितलं, की तिच्या नवऱ्याला गोठ्यात नाग चावला. जीव वाचला, पण उजव्या हाताची तीन बोटं काढावी लागली. आता म्हशीची धार तीच काढते. पूर्वी वर्षाकाठी एखादा नाग दिसायचा, हल्ली घराघरांतून निघतात.

"तुमच्या लेकरायले चावू नये म्हणून आमच्या इथं आणून सोडून राह्यले तुमी. काहून जी?"

उत्तर मला ठाऊक होतं, हेच वाईट. परक्या जागी टाकलेल्या नागाला बिळं माहीत नसतात, तो भटकतो आणि उंदरांच्या मागावर घरांत शिरतो. वर्गात मीच हे शिकवलं होतं. लाज वाटली, आणि खोटं कशाला सांगू, तिचा रागही आला. या नाल्यावर पुन्हा साप सोडणार नाही, असा तिला शब्द दिला.

पुढच्याच आठवड्यात एका वकिलांच्या बागेत नाग निघाला. पकडल्यावर मी म्हणालो, हा इथलाच आहे, कॉलनीमागच्या पडीक शेतात सोडतो. वकीलसाहेबांचा चेहरा उतरला.

"सर, इथं आमची नातवंडं खेळतात. तिकडं जंगलातच न्या ना."

मी वाद घातला नाही. चहा घेतला आणि गाडी परतवाड्याच्या रस्त्याला लावली. बाईला दिलेला शब्द पाळला, नाला दुसरा निवडला. त्याच्याही काठाला घरं होती.