हत्यारं पूजेला बसली होती

फोन वहिनीचा होता. सकाळची वेळ, मी ऑफिसच्या बसमध्ये. "भावजी, हे उठत नाहीत," ती म्हणाली आणि खरं सांगतो, मला आधी बरंच वाटलं. उभ्या जन्मात अण्णा उजाडल्यावर अंथरुणात दिसला नव्हता. मी बोलूनही गेलो, "मग झोपू दे की त्याला!" पलीकडे शेजारच्या बाईंनी फोन घेतला. दसऱ्याला अजून अवकाश होता तेव्हा. आता दसराही होऊन गेला, पण ते माझं वाक्य काही मनातून जात नाही.

अण्णा माझा थोरला भाऊ. बंगळूरच्या पीण्या औद्योगिक वसाहतीत त्याचा आणि शिवण्णाचा भागीदारीत छोटासा कारखाना होता, डाय म्हणजे लोखंडी साचे बनवायचा. घर बनशंकरीला, म्हणजे गावाचं एक टोक ते दुसरं. अंधारात डबा घेऊन निघायचा आणि दिवे लागल्यावर यायचा. आजारपण, लग्नकार्य, मयत, एवढ्यालाच रजा. मी लॅपटॉप घेऊन कूर्गला जायचो तेव्हा मला हसायचा. "तू सुट्टीवर चाललायस की ऑफिसला फिरवून आणतोयस?" म्हणायचा. पण निदान मी जायचो तरी. त्याला नुसतं घरी बसायचं म्हटलं की चोरी केल्यासारखं व्हायचं. रविवारी दुपारीही कुणी बेल वाजवली तर तो खुर्चीतून उठून उभा राहायचा, काहीतरी करत असल्यासारखा.

आमच्या घरी खंडेनवमी मोठी. बंगळूरला सगळे आयुधपूजा म्हणतात, गाड्यांना हार घालतात, रस्त्यावर कोहळे फोडतात. आमच्या पूर्वजांच्या तलवारी कधीच गेल्या, राहिली ती अण्णाची हत्यारं. कानशी, पाने, मायक्रोमीटर असं सगळं तो पीण्याहून घरी आणायचा, तेलाने पुसायचा आणि देवापुढे मांडायचा. नियम एकच, वडिलांपासूनचा: उत्तरपूजा होईपर्यंत पूजेतल्या हत्याराला हात लावायचा नाही. दसऱ्याला उत्तरपूजा की दुसऱ्या दिवशी पुन्हा पीण्या.

गेल्या वर्षी त्याने उत्तरपूजा केलीच नाही.

त्याला काही झालेलं नव्हतं, आणि हेच कुणाला पटेना. शिवण्णाचा फोन यायचा, "यावाग बर्तीरा, अण्णा?" म्हणजे कधी येताय. अण्णा शांतपणे सांगायचा, हत्यारं अजून पूजेत आहेत. शिवण्णा देवभोळा, पुढे बोलणार काय! कामं त्याने दुसऱ्या कारागिरांकडून करून घेतली. मी म्हटलं, "अण्णा, देवाच्या नावावर रजा टाकतोस?" तर म्हणतो, "मी कुठे बसलोय? हत्यारं बसलीत. मी आपला सोबतीला." पहिले काही दिवस तरी बिचारा सवयीने पहाटे शर्ट घालून दाराशी यायचा, देवघरात डोकावून कानशी बघायचा आणि मगच शर्ट काढायचा. अपराधी वाटू नये म्हणून माणसाला देवाची साक्ष काढावी लागते, याचं तेव्हा मला हसू आलं होतं. आता येत नाही.

पण खरी गंमत वेगळीच होती. त्या खंडेनवमीला त्याने कानशींच्या शेजारी वहिनीचं पोळपाट-लाटणं आणि विळीही मांडली होती. हळदकुंकू लावून, वर झेंडूचं फूल. वहिनी कडाडली, "आणि जेवायचं काय? झेंडू?" अण्णा म्हणाला, "इतकी वर्षं माझ्या हत्यारांना एक दिवस तरी विसावा मिळाला. तुझ्या हत्यारांना कधी मिळाला, सांग." पण वहिनी स्वस्थ बसेल तर ना! उप्पिटाला लाटणं लागत नाही, म्हणून तिने गुपचूप उप्पीट केलं. दुसऱ्या दिवशी कढईही देवघरात गेली. मग दोघं कोपऱ्यावरच्या दर्शिनी हॉटेलात उभ्याने इडली-वडा खायला लागली. शेजारणींना वाटलं घरात भांडण झालंय. एकीने तर काळजीने डबाही आणून दिला, आणि वहिनीला मेल्याहून मेल्यासारखं झालं. "धडधाकट बाई घरात असून शेजारचं खायचं, काय सांगू लोकांना?" ती मला म्हणाली होती. अण्णा आतून ओरडला, "सांग, बायको पूजेला बसलीय!"

हळूहळू ती सैलावली. बसने कुठेही जायची दोघं. शिवाजीनगरच्या बाजारात नुसती भटकून यायची, काही न घेता. आणि दुपारी झोपायची. लग्न झाल्यापासून दुपारची कधी आडवी झाले नव्हते, असं ती मला अगदी लाजत सांगत होती. थेट तुळशीच्या लग्नानंतर उत्तरपूजा झाली. पीण्याला निघताना अण्णा वहिनीला म्हणाला, "पुढच्या वर्षी पुन्हा हं." त्या पुढच्या वर्षाच्या अलीकडेच तो गेला. मला याचा राग येतो. कुणावर काढू ते कळत नाही.

सुतकात घरी चूल पेटवत नाहीत. नातेवाईकांकडून, शेजारून डबे येत होते. वहिनी स्वयंपाकघराच्या उंबऱ्याशी भिंतीला टेकून बसलेली असायची. उठायला लागली की कुणीतरी तिला खांद्याला धरून बसवायचं, "अक्का, स्वल्प बसा. तुम्ही काही करायचं नाही." एका दुपारी आम्ही दोघंच होतो. मी ताट वाढून तिच्यापुढे ठेवलं.

"ह्यांनी मला सुट्टी दिली, तेव्हा सगळ्यांनी विचारलं, काय झालं, काय झालं..." ती म्हणाली. "आता कुणी विचारत नाही बघा, भावजी. आता कारण आहे ना."

तिने थोडं खाल्लं, हात धुतला आणि आत जाऊन आडवी झाली. तेरावं झालं, चूल पेटली, पाहुणे आपापल्या घरी गेले. वहिनी अजून रोज दुपारी झोपते, किंवा निदान पडून तरी राहते. पलंग मोठा आहे. पण ती भिंतीला चिकटून, अंग चोरून झोपते, आणि त्याची बाजू मोकळी सोडते.