दुपारची चाचणी

मी कळण्याच्या भाकरी टाकत होते, सासूबाई लोणच्याच्या कैऱ्या फोडत होत्या, तेवढ्यात दारावर थाप पडली. दारात हितेंद्रसाहेब, सासऱ्यांच्या जुन्या कंपनीतले वरिष्ठ. हातात पेढ्यांचा पुडा.

"पाणी दे त्यांना. चहा नको," सासूबाई मोठ्यानेच म्हणाल्या.

माझे सासरे सुपडू आबा सोळा वर्षं धुळ्याकडच्या माळावर, एका खासगी कंपनीच्या मैदानात नेम धरायची निशाणं उभी करायचे. रणगाडा फोडणाऱ्या क्षेपणास्त्राची चाचणी तिथे चाले. ते उष्णतेच्या मागावर जातं, म्हणून रणगाड्याऐवजी लोखंडी पत्रा उभारून मागून तापवायचा. आपल्याकडे उन्हाळ्यात सगळी कामं नवाच्या आत उरकतात, तशा चाचण्याही सकाळी सहाला उरकायच्या. अकरापैकी अकरा नेम बसले. आबांनी रजिस्टरात लिहिलं, 'माळ गार असताना मारलं. दुपारी मारून बघा.'

"सुपडू, तू खुंट्या ठोक. डोकं आमच्याकडे राहू दे," हितेंद्रसाहेब पंधरा माणसांसमोर म्हणाले. सगळे हसले. आबांनी पुन्हा तेच लिहिलं. मग ते पान फाडलं गेलं आणि दुसऱ्या दिवशी आबांना घरी बसवलं. कारण लिहिलं, 'दारू पिऊन कामावर आला.'

आबांच्या गळ्यात तुळशीची माळ. सासूबाईंनी भजनी मंडळ सोडलं. आमच्या अख्ख्या मेहरूण वस्तीत दोन वर्षं कुजबुज.

गेल्या आठवड्यात कारखान्यात उत्पादन सुरू होण्याआधी लष्कराने दुपारी दोनला चाचणी मागितली. तिन्ही क्षेपणास्त्रं पत्रा सोडून तापलेल्या खडकावर गेली. काम थांबलं. चौकशी समितीने फाटलेलं रजिस्टर बघून ते लिहिणाऱ्याला बोलावलं.

"आबा, एवढंच म्हणा, तुम्ही तसं काही लिहिलंच नव्हतं," पुडा पुढे करत हितेंद्रसाहेब म्हणाले.

"बारा वाजू द्या. बाहेर बसा," आबा म्हणाले.

साहेब ओट्यावर बसले. ऊन आधी पायांवर आलं, मग मांडीवर, मग डोक्यावर. पेढे पाघळून पुड्याला तेलकट डाग पडले. आत आबा सावकाश दोन भाकरी जेवले, वर ताक मागितलं. मला दया आली नाही, खोटं कशाला सांगू?

बाराला आबा बाहेर आले.

"या लोखंडी फाटकावर हात ठेवा."

साहेबांनी ठेवला आणि झटकन उचलला.

"आता ओट्याच्या फरशीवर. कोणतं जास्त तापलंय?"

"दोन्ही सारखंच... कळत नाही."

"तुमच्या क्षेपणास्त्रालाही नाही कळलं. आणि त्याच्या भरवशावर जवानांना रणगाड्यापुढे उभं करणार होतात."

"आबा, माझी नोकरी जाईल हो!"

"माझी गेली. समितीला मी खरं तेच सांगणार. जावयासारखे पेढे आणले तरी." मग आबा गावाकडच्या अहिराणी बोलीवर आले, म्हणजे राग थेट पोटातून आला होता. "एकच मागनं शे. मी दारू पिसनी उनतू, असं तू लिखं. त्याच पंधरा माणसंसना समोर उभा ऱ्हाय, नि तुन्या तोंडघाई सांग, ते खोटं शे."