घनत्व आणि घनफळ

हे मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही — नवऱ्यालाही नाही. तुम्हाला सांगते आहे, पण माझी समजूत घालायला येऊ नका. ती मला नको आहे.

परदेशी कंपन्या नुकत्याच येऊ लागल्या होत्या. नवऱ्याची बदली झाली आणि आम्ही पुण्याहून नोएडाला आलो. सेक्टरांना नुसते नंबर, आणि शाळा कुत्र्याच्या छत्र्यांसारख्या उगवलेल्या. तसल्याच एका शाळेत मी विज्ञान शिकवायला लागले. हिंदी माध्यमाचे सर वर्षाच्या मध्येच सोडून गेले, तेव्हा त्यांचा नववीचा वर्ग मी मागून घेतला. लिपी एकच, मग अडचण कसली? — असा माझा तोरा.

सहामाहीचा पेपर सरांनीच काढून ठेवलेला, तपासायचा मी. लोखंडाची कांब मधोमध कापली, तर एका तुकड्याचं 'घनत्व' किती? घनत्व म्हणजे आपली घनता. मी समजले घनफळ. मग काय, अर्धं! बाकी वर्गानं 'आधा' लिहिलं होतं, सगळ्यांना मार्क दिले. एकट्या सरोजनं लिहिलं होतं, 'उतना ही'. तिच्या उत्तरावर मी फुली मारली.

ती पेपर घेऊन उभी राहिली.

"मॅडम, आधा तो आयतन होता है. घनत्व नहीं."

आयतन — म्हणजे घनफळाला हिंदीत हे म्हणतात तर! त्या क्षणी मला सगळं कळलं. तुकडा कितीही लहान करा, लोखंडाची घनता बदलत नाही, हे मला काय ठाऊक नव्हतं? इथवरची चूक भाषेची — ती मी अंगाला लावून घेणार नाही. पुढचं मात्र सगळं माझं. चाळीस पोरं बघत होती. मराठी बाईला हिंदी येत नाही, हे एका पोरीनं चारचौघांत दाखवून द्यायचं?

"आधा ही होता है," मी म्हणाले. "बीस बार लिखकर लाओ."

तिनं आणलं लिहून. सुवाच्य अक्षरात, वीस वेळा. मी खाली सही केली. लाज वाटली का? वाटली — पण सही करायची राहिली नाही.

वार्षिक परीक्षेचा पेपर मी काढला. तोच प्रश्न मुद्दाम घातला. वाटलं, ती बरोबर लिहील, मी गुपचूप मार्क देईन, फिटंफाट होईल. माफी न मागता सुटका — केवढी मी हुशार, नाही?

सरोजनं लिहिलं होतं, 'आधा'.

तिला चूक ठरवायचं, तर आधी स्वतःला ठरवावं लागलं असतं. मी बरोबरची खूण केली आणि पान उलटलं.