चढावर बांधलेला वेग

काल घाट चढताना गाडी अक्षरशः किंचाळत होती. मुलाने घेतलेल्या या नव्या गाडीचे गिअर आपोआप बदलतात. एकदा वेग बांधून दिला की पायही लावावा लागत नाही. पण चढ आला तरी तिला तोच वेग हवा. ती खालच्या गिअरात आपटायची आणि डरकाळी फोडायची.

गाडी मुलगा चालवत होता. त्याच्या शेजारी पुढच्या सीटवर माझे मालक, म्हणजे त्याचे अण्णा, बसले होते. त्यांनी जन्मभर ट्रक चालवला.

"अरे, जीव घेतोस का तिचा? चढावर ते बंद कर. नुसतं डिझेल ढोसतेय ती."

"अण्णा, गाडीला कळतं सगळं."

"डोंबल कळतं! चढाला वेग थोडा पडू द्यावा. उतारावर मिळतोच की परत."

मी मागे बसून डाव्या कानाने ऐकत होते. उजवा गेला त्याला वर्षे झाली. सातवा महिना होता, अंगात ताप होता. भाकरी रोजच्या वेळेला झाली नाही म्हणून यांनी चुलीतले लाकूड हाणले. यांनीही मला एकच वेग बांधून दिला होता. लोखंडाचा चढ यांना दिसतो. माझा कधी दिसला नाही.

मुलाने बटण दाबले. गाडी मंदावली, शांत झाली. पडद्यावरचे मायलेज बघून तो म्हणाला, "खरंच की, कमी पितेय."

मालक खूश होऊन म्हणाले, "इंजिनालासुद्धा दया लागते, बाबा."

त्यांची मान माझ्यापासून हातभर अंतरावर होती. घाट संपेपर्यंत मी दोन्ही हात मांड्यांखाली दाबून बसले.