रामकिसन तात्यांची वैजापूरची चौकशी

सोयरीक म्हटली की आधी चौकशी, आणि चौकशी म्हटली की मुकुंदवाडीचे रामकिसन तात्या तुपे, असं कन्नडपासून वैजापूरपर्यंतच्या पाहुण्यांत तीस वर्षं चाललं. तात्या एसटीत कंडक्टर. गावोगावची माणसं ओळखीची आणि कान तिखट. स्थळाच्या गावी उतरायचं, स्टँडवर चहा घ्यायचा, न्हाव्याकडे दाढी करायची आणि ‘इकडं एखादी दुभती म्हैस मिळंल का?’ असं विचारत त्या घराच्या शेजारी जाऊन टेकायचं. म्हशीवरून गोष्ट गोठ्यावर, गोठ्यावरून भाऊबंदकीवर आणि तिथून मुलाच्या व्यसनांवर आपोआप यायची. शेवटी त्या घरी पाणी मागायचं. पाणी कोण आणतं आणि आणणाऱ्याच्या तोंडावर काय आहे, एवढं बघितलं की काम झालं. म्हैस मात्र तात्यांनी जन्मात घेतली नाही.

अलीकडे त्यांना कोणी विचारेनासं झालं. जो तो मोबाइललाच विचारी. तात्यांनीही एकदा त्या मोबाइलमधल्या बाईची परीक्षा घेतली. "वैजापूरला पहिली गाडी किती वाजता हाय?" बाईनं ठणकावून पावणेसहा सांगितलं. ती गाडी बंद होऊन पंधरा वर्षं झाली होती, आणि तिच्या शेवटच्या फेरीची तिकिटं खुद्द तात्यांनीच फाडली होती. त्यांनी तसं सुनावलं तर बाई म्हणाली, "माफ करा, आपलं बरोबर आहे," आणि तितक्याच ठामपणे सव्वासहाची गाडी सांगून मोकळी झाली. ती गाडी तर कधी नव्हतीच.

"खोटं बोलती, पण माफी तरी मागती," तात्या म्हणाले. "आमच्या सायबांनी एवढं बी कधी केलं नाय."

हे ऐकून खदखदून हसली ती प्रेरणा, तात्यांच्या धाकट्या भावाची मुलगी. ती चार वर्षांची असताना आईबाप अपघातात गेले, आणि बिनलग्नाच्या तात्यांनी तिला वाढवलं. आता ती बँकेत होती, आणि तिला स्थळ आलं होतं वैजापूरच्या नानासाहेब निकमांच्या शिवमचं. मुलगा चिकलठाण्याला कंपनीत. दोघं दोनदा भेटली आणि प्रेरणा घरात गुणगुणायला लागली. तात्यांनी नानासाहेबांशी फोनवर बोलणी केली, आता चौकशीला जातो म्हणाले.

"तुमचे गुडघे बघा तात्या. मी मोबाइलला विचारते ना," प्रेरणा म्हणाली.

मोबाइलनं तात्यांसारखा चहा-बिहा काही घेतला नाही. क्षणात उत्तर दिलं. शिवम नानासाहेब निकम, वैजापूर. विवाह मे २०२१, नाशिक. दोन जुळी मुलं.

प्रेरणानं मोबाइल पालथा घातला. त्या दिवसापासून तिनं शिवमचा एकही फोन घेतला नाही.

"अगं, त्यालाच इचार की सरळ."

"ज्याची चौकशी त्यालाच विचारायची नसते, हे तुम्हीच शिकवलंय."

खोटं कशाला बोला, तात्यांना आधी जरा बरंच वाटलं. अजून आपल्यावाचून अडतं तर! मग तिचं न शिवलेलं ताट दिसलं, आणि त्या बरं वाटण्याची त्यांना लाज वाटली. पोरीचा पहिल्यांदा कुणावर जीव जडला होता. दुसऱ्या दिवशी ती बँकेत गेल्यावर तात्यांनी घराला कुलूप लावलं आणि वैजापूरची गाडी धरली.

वैजापुरात न्हावी अर्धी दाढी करून म्हणाला, "म्हैस? मोबाइलवर बघा ना बाबा, फोटोसकट मिळती."

तात्यांनी कपाळाला हात लावला आणि सरळ नाव घेतलं.

"कोणते नानासाहेब? इथं दगड मारला तर नानासाहेबाला लागतो. निकमच तीन हायेत. एक वारले. दुसऱ्यांची कांद्याची आडत. त्यांचा शिवम नाशिकला असतो, त्याला जुळी पोरं. तिसरे टाकीजवळचे, रिटायर मास्तर. त्यांच्या बी पोराचं नाव शिवमच, पण तो अजून मोकळा हाय. परवाच केस कापून गेला. पोरगी फोन उचलंना म्हून तोंड एवढंसं झालं व्हतं बिचाऱ्याचं."

तात्यांचा जीव भांड्यात पडला. मोबाइलनं दोन घरांची एकच मिसळ करून पोरीपुढं ठेवली होती. तरी सवय ती सवय. घर बघून, पाणी पिऊन जावं म्हणून ते टाकीकडे निघाले.

मास्तरांच्या घराला कुलूप. शेजारीण ओट्यावर शेंगा फोडत होती. तात्यांनी तिच्यापुढं म्हैस काढली, आणि ती जुनी म्हैस अजून कामाची होती.

"मास्तर आन् त्यांची बहीण द्वारकाबाई सकाळीच मुकुंदवाडीला गेलेत," ती म्हणाली. "सोयरीक मोडायच्याच गोष्टी चालल्यात. पोरगी फोन उचलंना, म्हून मास्तरांनी त्या घराचं मोबाइलला इचारलं. तर पोरीचा चुलता, कुणी रामकिसन कंडक्टर, २०१९ सालीच वारला म्हणं! मग इतके दिस तात्या म्हून फोनवर बोलत व्हता तो कोण? लई लबाड घर दिसतंय."

एसटीत रामकिसन नावाचे कंडक्टर काय थोडे होते? त्यातला कुणी गेला असेल बिचारा. पण तिकडे घराला आपणच कुलूप लावून आलोय, प्रेरणा बँकेत. पाहुण्यांचा संशय पक्का व्हायला आणखी काय पाहिजे? तात्यांनी नानासाहेबांना फोन लावला. मयताच्या नंबरवरून आलेला फोन नानासाहेबांनी कापला. पुन्हा लावला, पुन्हा कापला. तेव्हा तात्या मुकाट्यानं मास्तरांच्या ओट्यावर बसले.

संध्याकाळी सहाच्या सुमाराला दोघं आली. नानासाहेब पुढे, मागून पिशवी सावरत साठीच्या द्वारकाबाई.

"कोण पाहिजे?" नानासाहेबांनी विचारलं.

"मी रामकिसन तुपे. मोबाइलनं मारलेला."

नानासाहेबांच्या हातातली किल्ली खाली पडली. द्वारकाबाई मात्र शांतपणे तात्यांसमोर टेकल्या. "मिळाली का म्हैस?"

तात्या चपापले.

"तुमच्या गल्लीत कळलं मला. तुम्ही म्हशीच्या नावानं हिंडता. मी भाड्याच्या खोलीच्या नावानं हिंडते. आमच्याकडच्या सोयरिकी मीच बघते."

"मग? कुलूप दिसलं असंल."

"दिसलं. नाना तर माघारीच निघाला व्हता. मी म्हटलं, थांब, कुलपाला काय इचारायचं? गिरणीवालीकडं जाऊन बसले. ती म्हणली, मेला कशाचा, सकाळीच दळण ठिवून गेलाय." द्वारकाबाईंनी पदर सावरला. "मग पुढचं बी सांगितलं तिनं. पोरगी ल्हान व्हती तव्हा ह्या माणसानं मुक्कामी गाडी कधी घेतली नाय. सायबाशी भांडून सकाळचीच ड्युटी घ्यायचा. बढती आली तर गाव सोडावं लागंल म्हून नको म्हणला. पोरीच्या वेण्या घालायला गिरणीवालीकडूनच शिकला."

उभा जन्म तात्यांनी दुसऱ्यांच्या घरांविषयी कान देऊन ऐकलं होतं. आपल्या घराविषयीही कुणी काही बघून ठेवत असेल, ते इतकं चांगलं असेल, हे त्यांच्या मनात कधी आलंच नव्हतं. त्यांचे डोळे भरून आले, आणि ते त्यांनी सरळ बाहीनं पुसले.

नानासाहेबांनी दार उघडलं आणि स्वतःच तांब्याभर पाणी घेऊन आले. तात्यांनी सवयीनं त्यांच्या तोंडाकडे पाहिलं. मास्तर ओशाळून हसत होते. तात्यांनी तांब्या रिकामा केला.

तेवढ्यात प्रेरणाचा फोन आला.

"कुठं आहात तात्या? घराला कुलूप का?" मग जरा थांबून, अगदी बारीक आवाजात, "वैजापूरला गेलात ना? त्याचं लग्न झालंय का हो?"

तात्यांनी द्वारकाबाईंकडे पाहिलं. द्वारकाबाईंनी नानासाहेबांकडे पाहिलं आणि होकारानं मान डोलावली.

"नाय झालं," तात्या म्हणाले. "आता व्हईल. आधी त्या पोराचा फोन उचल."