पहिला हात

टोपली डोक्यावर तशीच ठेवून ती दारातून हाक मारायची, "हात लाव गो बाय!" मी पुढे होऊन टोपली उतरवायची आणि मग तिचा दिवस सुरू व्हायचा. वेसाव्याहून अंधेरीला मासळी विकायला येणाऱ्या या बाईला दिवसाची पहिली विक्री, म्हणजे भवानी, माझ्याच हातची लागे.

अशी एखादी मावशी तुम्हीही पाहिली असेल. भाव करताना सात जन्मांची वैरीण, आणि भाव ठरला की वर मूठभर जवळा टाकणारी.

चौऱ्याऐंशी-पंच्याऐंशीची गोष्ट. मला थायरॉइडचा कॅन्सर निघाला. ऑपरेशन झालं. नंतर किरणोत्सर्गी आयोडीनचं औषध घ्यायचं ठरलं आणि मासळीतही आयोडीन असतं म्हणून त्याआधी काही आठवडे मासळी बंद! मावशी भडकलीच.

"डाक्टर मालकरी हाय काय, तुलशीची माल घातलेला?"

औषध लागू पडलं, पण तोंडाची लाळ पार आटली. गाल सुजले. भाताचा घासही पाण्याशिवाय उतरेना आणि जे खावं त्याला लोखंडाची चव. काही दिवस माणसांपासून लांब राहायचं होतं, तेही राहिले. पुढे डॉक्टरांनी सगळ्यांत मिसळायला सांगितलं, तरी आमची चाळ मिसळेना. माझ्या हातचा चहा कोणी घेईना. शेजारणी घाबरल्या होत्या बिचाऱ्या. मला मात्र रडू यायचं. आपला हात आता कोणालाच नको, असं वाटायचं.

अशात एका सकाळी दारात हाक आली. मी मागेच सरले.

"मावशी, माझ्या हातची भवानी नको. तुझ्या धंद्याची वाट लागेल."

"डाक्टर काय बोलला?"

"आता भीती नाही म्हणाला."

"मंग? मान मोडते माजी. हात लाव!"

टोपली उतरली. मी सुरमई घेतली. तिने पैसे कपाळाला लावले, कमरेच्या बटव्यातून चिंचेचं बुटूक काढून माझ्या तळहातावर ठेवलं. "चोख. पानी सुटंल." मग सगळ्या चाळीला ऐकू जाईल अशी ओरडली, "भवानी झाली गो! या, सुरमई झकास हाय!"

एकेक दार उघडलं. शेजारणी आल्या, माझ्या उंबऱ्याशी बसून भाव करू लागल्या. जाताना मावशीने माझ्याकडे चहा मागितला आणि त्यांच्यादेखत प्यायली. तिचे उपकार मी कधी विसरणार नाही.

चव हळूहळू परतली. घशाची कोरड राहिलीच. काही वर्षांनी मावशी वारली, त्यानंतर बरेच दिवस मी मासळी घेतली नाही.

मग एका सकाळी दारात एक अनोळखी तरुण बाई उभी राहिली, डोक्यावर तीच टोपली.

"ताई, मी तिची सून. सासू सांगून गेली, पयला हात तुमचा."

मी पुढे होऊन टोपलीला हात लावला.